किल्लीची राखण

‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आज मराठीत अखेरची मान्यता एवढ्याच अर्थाने वापरला जातो. त्याचा मूळ अर्थ याहून पुष्कळच नेमका होता. शिवकालीन आणि पेशवेकालीन पत्रांच्या माथ्यावर शिक्का उमटविलेला असे आणि मजकूर जेथे संपे तेथे मोर्तबाची लहान मुद्रा उमटविली जाई. पत्र कोणाचे, हे शिक्का सांगे. मजकूर कोठे संपला, हे मोर्तब सांगे. त्यामुळे त्याच्या खाली मागाहून एखादी सोयीची ओळ घुसडण्याची कोणाची प्राज्ञा नसे. या दोन खुणांच्या आधारावर शेकडो कोसांवरचा किल्लेदार न पाहिलेल्या माणसाचा हुकूम मानीत असे. परंतु या व्यवस्थेचा खरा कणा धातूचा शिक्का नव्हता. तो शिक्का कोणाच्या ताब्यात आहे, हा होता. म्हणूनच अधिकारपद मिळणे म्हणजे शिक्के-कट्यार मिळणे, असा वाक्प्रचार रूढ झाला. शिक्का चोराच्या हाती गेला तर त्याचा ठसा तितकाच सुबक उमटणार आणि किल्लेदार तितक्याच निष्ठेने फसणार.

कागदाची जागा संगणकाने घेतली म्हणून ही गरज संपलेली नाही. उलट ती शतपटीने वाढली आहे. नॉयडातील एखादा कंत्राटदार दिल्लीतील सरकारी कार्यालयाची निविदा घरबसल्या भरतो. गुरुग्राममधील कंपनीचा संचालक वार्षिक विवरणपत्र कागदाला हात न लावता दाखल करतो. नागपूरचा पेन्शनर बँकेचे संकेतस्थळ उघडून आपली शिल्लक पाहतो. या तिन्ही व्यवहारांत समोरचा मनुष्य दिसत नाही, त्याचे हस्ताक्षर ओळखीचे नसते आणि संदेश अनेक परक्या यंत्रांतून प्रवास करून येतो. तो खरोखर त्याचाच आहे काय, वाटेत कोणी बदलला नाही ना, आणि तिसऱ्याने वाचला नाही ना, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या साधनांनी मिळतात त्यांना किल्ली आणि प्रमाणपत्र अशी नावे आहेत. ही साधने गणिताने घडविलेली असली तरी त्यांची किंमत गणितावर ठरत नाही. ती राखणीवर ठरते. दिल्लीतच २०१४ साली घडलेल्या एका प्रकरणाने हे अत्यंत कठोरपणे सिद्ध केले. ते समजून घेण्यासाठी आधी किल्ली म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे.

गुप्त लेखनाची कला फार जुनी आहे. पण तिच्यात शतकानुशतके एक अडचण कायम होती. ज्या खुणेने मजकूर बंद करावयाचा, त्याच खुणेने तो उघडावयाचा. म्हणून ती खूण आधी दोन्ही पक्षांना गुपचूप पोचविणे भाग असे. शेजारच्या माणसापर्यंत ती पोचविता येईल. पण ज्याची कधी गाठ पडणार नाही अशा लाखो लोकांपर्यंत कशी पोचविणार? या शास्त्रात ऑग्युस्त केर्कहॉफ्स याने १८८३ साली एक तत्त्व मांडले, ते आजही आधारभूत मानले जाते. कुलपाची रचना शत्रूला पूर्णपणे ठाऊक आहे असे गृहीत धरावे. गुपित राहावयाचे ते फक्त किल्लीत. आजच्या संगणकातील सर्व मान्य पद्धती या तत्त्वाला धरून आहेत. त्यांची रचना छापील ग्रंथांत उपलब्ध आहे. कोणीही ती वाचावी, तपासावी. दडवून ठेवण्यासारखी गोष्ट उरते ती एकच, आणि ती म्हणजे किल्ली.

वाटपाची अडचण सुटली ती १९७६ साली. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकी संशोधकांनी अशी कल्पना मांडली की, किल्ली एक नसावी, जोडीने असावी. जोडीतील एक किल्ली सार्वजनिक, ती खुशाल जगाला वाटावी. दुसरी खासगी, ती धन्याने कोणालाही दाखवू नये. एका किल्लीने बंद केलेले दुसरीनेच उघडावे. पुढल्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर व एडलमन या तिघांनी ही कल्पना अंकगणितात उतरवून दाखविली. तिचे मर्म शाळकरी मुलालाही उमगेल इतके साधे आहे. १०१ आणि ११३ या दोन मूळ संख्यांचा गुणाकार ११,४१३ हा कोणीही क्षणात करील. पण नुसती ११,४१३ ही संख्या देऊन तिचे अवयव पाडा म्हटले, तर बराच वेळ खर्ची पडेल. गुणणे सोपे आणि फोडणे कठीण, हीच ती गोम. आज प्रचारात असलेल्या २०४८ बिटांच्या किल्लीतील संख्या ६१७ अंकी असते. तिचे अवयव पाडून खासगी किल्ली शोधून काढणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेरचे आहे.

या जोडीचा दुसरा उपयोग सहीचा. संगणक प्रथम दस्तऐवजाचा एक संक्षिप्त ठसा काढतो. त्याला ‘हॅश’ म्हणतात. दस्तऐवज एका ओळीचा असो वा हजार पानांचा, प्रचलित पद्धतीने हा ठसा ६४ चिन्हांचाच येतो. आणि मूळ मजकुरात एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ठसा संपूर्णपणे वेगळा होतो. या ठशावर खासगी किल्लीची क्रिया केली की सही तयार झाली. जगातील कोणीही सार्वजनिक किल्लीने ती पडताळू शकतो. पण खासगी किल्लीवाचून कोणालाही ती घडविता येत नाही. शिक्का आणि मोर्तब ही दोन्ही कामे येथे एकाच क्रियेत होतात. लेखक कोण तेही कळते आणि मजकूर अभंग आहे तेही कळते.

तथापि एक शंका शिल्लक राहते. एखाद्याने नवी किल्लीजोडी तयार केली आणि ‘ही बँकेची सार्वजनिक किल्ली आहे’ असे जाहीर केले, तर तिच्यावर विश्वास का ठेवावा? गणित फक्त एवढेच सांगू शकते की अमुक सही अमुक किल्लीने झाली; ती किल्ली कोणाची हे सांगण्याचे सामर्थ्य गणितात नाही. येथे साक्षीदार लागतो. विश्वसनीय संस्था धन्याची ओळख तपासते, त्याचे नाव, त्याची सार्वजनिक किल्ली, क्रमांक आणि मुदत एका ठरावीक नमुन्यात लिहिते आणि त्यावर स्वतःची सही करते. हेच प्रमाणपत्र. त्याचा ‘एक्स-५०९’ नावाचा नमुना १९८८ साली आंतरराष्ट्रीय स्तरावर ठरला आणि सुधारित रूपात आजही तोच चालू आहे. साक्षीदाराची साक्ष कोणी काढावी? तर त्याहून वरच्या संस्थेने. अशी ही साखळी वर चढत एका मूळ संस्थेपाशी थांबते. तिचे प्रमाणपत्र तिनेच सही केलेले असते, कारण तिच्या वर कोणी नसते. तेथे गणित संपते आणि भरवसा सुरू होतो.

भारतात ही साखळी कायद्याने बांधलेली आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० रोजी अंमलात आला आणि जोडकिल्ली व हॅश यांच्या आधारे केलेल्या सहीला त्याने कायदेशीर मान्यता दिली. या कायद्यान्वये प्रमाणन प्राधिकाऱ्यांचा नियंत्रक हे पद निर्माण झाले. त्याचे कार्यालय नवी दिल्लीत लोधी रोडवरील इलेक्ट्रॉनिक्स निकेतनात आहे. नियंत्रक स्वतः नागरिकांना प्रमाणपत्रे देत नाही. तो प्राधिकाऱ्यांना परवाने देतो आणि भारताच्या मूळ किल्लीने त्यांच्या सार्वजनिक किल्ल्यांवर सही करतो. पहिले परवाने २००२ साली दिले गेले. परवानाधारक प्राधिकारी पुढे कंपन्यांना, अधिकाऱ्यांना, वकिलांना व सामान्य नागरिकांना प्रमाणपत्रे देतात. देशातल्या लक्षावधी सह्यांचा भार अशा रीतीने अखेर दिल्लीतील एका किल्लीवर येऊन ठेपतो.

या किल्ल्या प्रत्यक्ष हाताळावयाच्या कशा? त्यासाठी बहुतेक जाणकार चित्रे व बटणे असलेला पडदा बाजूला सारून आज्ञेची ओळ वापरतात. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहावयाची, ती यंत्राने पार पाडावयाची, आणि मग दुसरी. नवख्याला ही पद्धत जुनाट वाटते. परंतु तिच्यात सरकारी दफ्तराला मानवणारे तीन गुण आहेत. प्रत्येक पायरी अक्षरशः लिहून ठेवता येते. लिहिलेली पायरी दुसरा मनुष्य आधी वाचून तपासू शकतो. आणि तीच पायरी पुढल्या वर्षी जशीच्या तशी पुन्हा करता येते. बटण कोणी व केव्हा दाबले याची आठवण माणसाला राहत नाही. लिहिलेली आज्ञा राहते. शिवाय जाळ्यापासून तोडून एका खोलीत बंद ठेवलेल्या यंत्रावरही ती चालते, आणि अत्यंत महत्त्वाच्या किल्ल्यांसाठी असेच यंत्र लागते.

या कामी सर्वांत अधिक वापरले जाणारे साधन म्हणजे ‘ओपनएसएसएल’. एरिक यंग आणि टिम हडसन यांनी रचलेल्या आधीच्या संचावर त्याची उभारणी १९९८ साली सुरू झाली. ते विनामूल्य आहे आणि त्याची रचना कोणालाही वाचता येते. त्याच्या आज्ञा शेकड्याने आहेत. पण व्यवहारातील बरेचसे काम पाचसहा आज्ञांत उरकते, आणि त्या ज्या क्रमाने येतात तो क्रम हीच किल्लीची जीवनकथा होय.

पहिली आज्ञा ‘जेनपीकी’. ती नवी खासगी किल्ली घडविते. प्रकार कोणता आणि लांबी किती, हे लिहिणाऱ्याने ठरवावयाचे. घडण होते ती यदृच्छेने निवडलेल्या संख्यांतून, आणि ही यदृच्छा अस्सल असली पाहिजे. २००६ साली डेबियन या संगणक प्रणालीत ओपनएसएसएलच्या दोन ओळी निरुपद्रवी समजून गाळल्या गेल्या. त्या ओळीच यदृच्छा पुरविणाऱ्या होत्या. परिणामी कोट्यवधी कोटी शक्यतांऐवजी एका प्रकारच्या व लांबीच्या किल्लीसाठी केवळ ३२ हजारांच्या आसपास शक्यता उरल्या. मे २००८ मध्ये हे उघडकीस येईपर्यंत जगभर भक्कम दिसणाऱ्या आणि पोकळ असणाऱ्या किल्ल्या तयार होत राहिल्या. किल्ली तयार होताच तिला परवलीच्या शब्दाचे आवरण घालावे आणि तिच्या फाइलीला ‘६००’ ही अनुमती द्यावी; याचा अर्थ असा की, धन्याखेरीज त्या यंत्रावरील इतर साध्या वापरकर्त्यांपैकी कोणी ती वाचूही शकणार नाही.

दुसरी आज्ञा ‘रेक’. ती प्रमाणपत्राचा अर्ज तयार करते. अर्जात धन्याचे नाव आणि सार्वजनिक किल्ली असते, आणि खासगी किल्ली आपल्यापाशी आहे हे दाखविण्यासाठी त्यावर तिची सही असते. हा अर्ज प्राधिकाऱ्याकडे जातो. खासगी किल्ली जात नाही. या एका वाक्यात सारी शिस्त सामावलेली आहे. पण कार्यालयांतून वेळ वाचविण्यासाठी ‘किल्ली तुम्हीच बनवा आणि ई-मेलने पाठवा’ असे पुरवठादाराला सांगितले जाते. त्या क्षणी ती किल्ली खासगी राहिलेली नसते. ती पाठविणाऱ्याच्या पेटीत असते, घेणाऱ्याच्या पेटीत असते आणि मधल्या यंत्रांतही असू शकते. अशी किल्ली वापरू नये, नवी करावी.

प्रमाणपत्र हाती आल्यावर ‘एक्स-५०९’ या आज्ञेने ते उघडून वाचावे. नाव बरोबर आहे काय, देणारा कोण, मुदत कोठपर्यंत, हे डोळ्यांनी पाहावे. सरकारी मोहोर पाहून मजकूर न वाचण्याची सवय येथे घातक ठरते. ‘व्हेरिफाय’ ही आज्ञा साखळीचा प्रत्येक दुवा मुळापर्यंत तपासते. मधला एखादा दुवा सर्व्हरवर ठेवावयाचा राहिला, तर एका यंत्रावर संकेतस्थळ सुरळीत उघडते आणि दुसऱ्यावर धोक्याची सूचना येते; या गूढाचे कारण बहुधा एवढेच असते.

यानंतरची आज्ञा मुदतीची. प्रमाणपत्राला जन्मदिवस असतो तसा मरणदिवसही असतो, आणि तो आधीच छापलेला असतो. ‘चेकएंड’ या सूचनेपुढे २५,९२,००० ही संख्या लिहिली की, येत्या तीस दिवसांत, म्हणजे तितक्या सेकंदांत, प्रमाणपत्र संपणार आहे काय याचे उत्तर मिळते. ही एक ओळ रोज पहाटे यंत्राकडून आपोआप वदवून घेता येते. तरीही ६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनमधील ओ-टू या कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांची इंटरनेट सेवा बंद पडली; यंत्रसामग्री पुरविणाऱ्या एरिक्सनच्या तपासात त्याचे मुख्य कारण मुदत संपलेले प्रमाणपत्र हेच निघाले. तेथे कोणी चोर नव्हता, कोणी शत्रू नव्हता. फक्त एक तारीख कोणाच्याही टिपणात नव्हती.

शेवटची पायरी रद्द करण्याची. किल्ली हरवली किंवा फुटल्याचा संशय आला, तर मुदत संपण्याची वाट न पाहता प्रमाणपत्र रद्द करवून घ्यावे लागते. प्राधिकारी रद्द झालेल्या क्रमांकांची यादी सही करून प्रसिद्ध करतो आणि पडताळणाऱ्याने ती पाहावयाची असते. ही यादी पाहण्याचा कंटाळा हा या व्यवस्थेचा जुना दुबळेपणा आहे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्येच ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष सापडला आणि त्यातून सर्व्हरच्या स्मृतीतील खासगी किल्ल्याही बाहेर जाऊ शकतात असे दिसून आले, तेव्हा दोष दुरुस्त करणे पुरेसे नव्हते. जुनी किल्ली बाद करून नवी घडविणे, नवे प्रमाणपत्र घेणे आणि जुने रद्द करणे हे सारे एकाच वेळी करावे लागले. ज्यांच्यापाशी आपल्या किल्ल्यांची यादीच नव्हती, त्यांना कोठून सुरुवात करावी हेही कळेना.

त्यानंतर तीनच महिन्यांनी दिल्लीतील ते प्रकरण घडले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, ही १९७६ साली स्थापन झालेली सरकारी संस्था. केंद्राच्या व राज्यांच्या कारभाराचे संगणकीकरण तिने उभे केले. तिला प्रमाणन प्राधिकारी म्हणूनही परवाना होता आणि तिच्या प्रमाणपत्रांवर नियंत्रकाची सही होती. नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टने आपल्या विश्वसनीय यादीत घातलेले असल्यामुळे जगातील विंडोज यंत्रांवरचे बहुतेक कार्यक्रम एनआयसीची साक्ष डोळे मिटून मानीत. २ जुलै २०१४ रोजी गूगलच्या असे ध्यानात आले की, तिच्या स्वतःच्या संकेतस्थळांच्या नावांची प्रमाणपत्रे तिने न मागताच अस्तित्वात आली आहेत आणि त्यांवर एनआयसीची सही आहे.

याचा अर्थ श्रोत्यांनी नीट ध्यानात घेण्यासारखा आहे. असे प्रमाणपत्र ज्याच्या हाती असेल, त्याला वाटेवर बसून स्वतःला गूगल म्हणून मिरविता येते. पत्रपेटी उघडणाऱ्याच्या पडद्यावर कुलपाचे चिन्ह दिसेल, धोक्याची सूचना येणार नाही आणि परवलीचा शब्द थेट त्याच्या हाती पडेल. तीन वर्षांपूर्वी, २०११ साली, नेदरलँड्समधील डिजिनोटार या प्राधिकाऱ्याच्या यंत्रणेत शिरून कोणी पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रे घडविली होती आणि त्यांच्या साह्याने इराणमधील लोकांच्या ई-मेलवर पाळत ठेवली गेली होती. ती कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत निघाली. धोका काल्पनिक नव्हता.

नियंत्रकाने ३ जुलैला एनआयसीची मधल्या दुव्याची सर्व प्रमाणपत्रे रद्द केली. ८ जुलैला चौकशीचा निष्कर्ष कळविण्यात आला, तो असा: प्रमाणपत्रे देण्याच्या एनआयसीच्या प्रक्रियेत परक्याचा शिरकाव झाला होता, खोटी प्रमाणपत्रे चार निघाली, पहिले २५ जूनचे, तीन गूगलच्या आणि एक याहूच्या नावांचे. गूगलने मात्र त्या चारांत नसलेली आणखी खोटी प्रमाणपत्रेही आपल्याला ठाऊक असल्याचे सांगितले आणि प्रकरणाची व्याप्ती अज्ञात आहे असा शेरा मारला. १० जुलैला मायक्रोसॉफ्टने ही प्रमाणपत्रे अविश्वसनीय ठरविणारी सूचना जगभर काढली. एनआयसीने प्रमाणपत्रे देण्याचे काम थांबविल्याचे जाहीर केले. गूगलने भारताच्या मूळ प्रमाणपत्राची मान्यता आपल्या ब्राउझरपुरती सात ठरावीक नावांवर मर्यादित करण्याचे ठरविले. त्यांत सरकारी व शैक्षणिक नावे आणि रिझर्व्ह बँकेचे संकेतस्थळ यांचा समावेश होता. सार्वभौम देशाच्या कायद्याने दिलेल्या मोहोरेची हद्द एका खासगी कंपनीने आखून दिली.

या घटनेतील सर्वांत बोधप्रद बाब म्हणजे जे घडले नाही ती. अवयव पाडण्याचे गणित कोणी सोडविले नव्हते. निष्कर्षात दोष ठेवला गेला तो गणितावर नव्हे, तर प्रमाणपत्रे देण्याच्या प्रक्रियेवर. शिक्का तिजोरीत सुरक्षित असला, पण तिजोरीबाहेरचा कारकून कोणाच्याही कागदावर तो उमटवून आणीत असला, तर तिजोरीचा उपयोग काय? म्हणून आता महत्त्वाच्या किल्ल्या एका खास यंत्रात ठेवतात. त्यातून किल्ली बाहेर काढता येत नाही; आणि ते यंत्र चालविण्यासाठी एकाहून अधिक अधिकाऱ्यांनी एकाच वेळी हजर राहावे लागते. कोषागाराच्या दुहेरी कुलपाची जुनी रीत येथे नव्या वेषात आली आहे.

दुसरी सुधारणा उघड नोंदवहीची. खोटे प्रमाणपत्र घातक ठरते ते ते गुपचूप घडते म्हणून. यासाठी दिलेले प्रत्येक प्रमाणपत्र सर्वांना वाचता येईल, पण कोणालाही खोडता येणार नाही, अशा वहीत नोंदविण्याची योजना २०१३ साली मांडण्यात आली, आणि एप्रिल २०१८ नंतर दिलेल्या प्रमाणपत्रांसाठी क्रोम ब्राउझरने ती सक्तीची केली. आज कोणत्याही कार्यालयाला आपल्या नावाची कोणती प्रमाणपत्रे जगात निघाली आहेत, हे त्या वह्यांत पाहता येते. जुन्या दफ्तरांत आवक-जावक वही होती, तिचेच हे भावंड.

या प्रकरणाची किंमत मात्र पुढे मोजावी लागलीच. अनेक सरकारी संकेतस्थळे आपली प्रमाणपत्रे परदेशी संस्थांकडून घेतात, कारण नियंत्रकाच्या मुळाला प्रमुख ब्राउझरांची मान्यता नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने स्वदेशी ब्राउझर बनविण्याची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा नियंत्रकाच्या मूळ प्रमाणपत्राला मान्यता ही तिची एक प्रमुख अपेक्षा होती. मार्च २०२५ मध्ये झोहो या कंपनीला पहिले पारितोषिक मिळाले. स्वदेशी ब्राउझर हा या प्रश्नाचा एक भाग झाला. दुसरा भाग असा की, विश्वास अधिसूचनेने मिळत नाही. वर्षानुवर्षे बिनचूक राखलेल्या किल्लीने आणि परक्यालाही तपासू दिलेल्या दफ्तराने मिळतो.

ही जबाबदारी केवळ लोधी रोडवरच्या अधिकाऱ्यांची आहे असे समजण्याचे मात्र कारण नाही. व्यापारी, कंत्राटदार, कंपन्यांचे संचालक यांना मिळणारी सहीची किल्ली आज बोटाएवढ्या यूएसबी टोकनमध्ये असते. ती टोकनमधून बाहेर निघत नाही. पण टोकन मात्र सहज दुसऱ्याच्या हाती जाते. अनेक ठिकाणी ते हिशेबनिसाच्या खणात पडून असते आणि त्याचा परवलीचा अंक वर चिकटविलेला असतो. कोऱ्या कागदावर सही करून देण्यास जो मनुष्य कधी धजणार नाही, तो कोऱ्या सह्यांची ही अक्षय खाण बिनदिक्कत सोपवितो. अधिनियमाचे ४२वे कलम याबाबत स्पष्ट आहे. खासगी किल्लीवर ताबा ठेवण्यासाठी धन्याने वाजवी काळजी घेतली पाहिजे. ती फुटल्यास विनाविलंब प्राधिकाऱ्याला कळविले पाहिजे. आणि कळवीपर्यंतची जबाबदारी त्याचीच. ‘सही माझी, पण मी केली नव्हे’ ही सबब येथे सहजी चालणार नाही. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही अप्रामाणिकपणे वापरणाऱ्यास ६६-क कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तथापि शिक्षा होईपर्यंत झालेले नुकसान त्याने भरून निघत नाही.

पुढील काळ या बाबतीत अधिक कसोटीचा आहे. प्राधिकारी व ब्राउझरांचे निर्माते यांनी २०२५ साली ठरविल्यानुसार संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने घटत जाऊन मार्च २०२९ पासून अवघी ४७ दिवस होणार आहे. वर्षातून एकदा आठवणीने करावयाचे काम वर्षातून आठ-नऊ वेळा करावे लागेल, आणि ते माणसाच्या स्मरणावर सोडणे अशक्य होईल. लिहून ठेवलेल्या आज्ञा यंत्राकडूनच करवून घ्याव्या लागतील. शिवाय पुरेसा शक्तिशाली क्वांटम संगणक प्रत्यक्षात उतरला तर गुणणे सोपे आणि फोडणे कठीण हा आधारच ढासळेल. त्या दिवसासाठी नव्या पद्धतींची पहिली मानके अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध केली आहेत. म्हणजे आज ना उद्या प्रत्येक किल्ली बदलावी लागणार.

त्यासाठी मोठ्या यंत्रसामग्रीच्या आधी एका साध्या वहीची गरज आहे. कार्यालयात किल्ल्या किती, प्रत्येक कोठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे, केव्हा संपते, फुटली तर कोणाला कळवावयाचे आणि धनी बदली होऊन गेला तर कार्यभार कोणाकडे, एवढे सहा रकाने पुरेत. बदलीच्या वेळी टेबल, खुर्ची आणि कपाटाच्या किल्ल्या यांची यादी करून सही घेण्याची पद्धत प्रत्येक सरकारी कचेरीत आहे. त्याच यादीत या न दिसणाऱ्या किल्लीसाठी एक ओळ वाढविण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही, आणि ते काम उद्या सकाळीही करता येईल.